एक रुपया वरचढ

"आज संध्याकाळच्या सभेत मला चोर ठरवणार आहेत," असं म्हणून मृणाल दिवेकर खुर्चीत बसली, लगेच उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

क्रांती कासारेनं तिला पुन्हा बसायचा आग्रह केला नाही. तिला स्वतःलाही एका जागी बसवत नसे. बँकेच्या दक्षता विभागातली नोकरी सोडून तिनं तळा गावात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत, खाजगी तपासाचं कार्यालय थाटलं होतं. तळेकरांना या गोष्टीचं अजून हसू येत होतं. तिच्या सोबतीला होता गणराज म्हात्रे. उरणच्या बंदरात ट्रेलर चालवून कंटाळलेला हा गडी आता क्रांतीची जीप चालवायचा आणि अर्धा तपास आपणच करतो असं मनापासून मानायचा.

"सभा कुठे आहे?" क्रांतीनं विचारलं.

"श्रीवर्धनला. सागरवाडी सुपारी संघात. मी तिथली व्यवस्थापक."

"मग इथे कशाला वेळ घालवायचा? वाटेत सांगा."

गणराजच्या हातात तेव्हा मिसळपावची बशी होती. ती तशीच टाकून त्याला उठावं लागलं, आणि पुढच्या दोन वळणांवर त्यानं हॉर्नवर राग काढला.

जीपमध्ये मृणालनं सगळं सांगितलं. संघाच्या बागायतदारांची रोठा सुपारी दर बुधवारी लिलावात निघते. पूर्वी भाव अंबाजीतात्या ठरवायचे. ते संघाचे जुने दलाल. मृणाल आली आणि तिनं मोबाइलवरची गुप्त बोली सुरू केली. खरेदीदारांनी सकाळी माल पाहायचा, दुपारी चारच्या घंटेपर्यंत आपापला भाव मोबाइलवरून पाठवायचा. घंटा झाली की सगळ्यांचे भाव एकदम भिंतीवरच्या पडद्यावर. ज्याचा भाव वर, त्याचा माल.

"यात वाईट काय आहे?"

"काहीच नव्हतं. पण दिवाळीपासून जवळजवळ सगळा चांगला माल प्रीतम मापुस्कर नेतो. दुसऱ्या नंबरच्या भावावर बरोबर एक रुपया. कमी नाही, जास्त नाही."

"त्याची बोली कधी येते?"

"सगळ्यात शेवटी. घंटा व्हायच्या जरा आधी."

"म्हंजी बाकीच्यांचं बघून टाकतं तो," गणराजला राहवलं नाही. "मना तर सरळच वाटतंय."

"सगळे हेच म्हणतात," मृणाल म्हणाली. "आणि पासवर्ड माझ्याकडे आहे. म्हणून भाव मीच फोडले. आज लिलावानंतर मला काढणार, पोलिसांत देणार आणि मोबाइलची बोली बंद करणार. सगळ्या संघात माझ्या बाजूनं एकटे अंबाजीतात्या बोलतात. माझ्यामुळे त्यांची दलाली गेली, तरीसुद्धा."

"मग आता ते काय करतात?"

"संघ पगार देतो. मी अडून बसले होते त्यासाठी. दारातल्या बाकावर बसतात, आल्यागेल्याला रामराम करतात. लहानपणी त्यांनीच मला पोत्यावर बसवून सुपारी पारखायला शिकवलं."

ती पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होती. क्रांती घाटातल्या वळणांकडे बघत होती आणि मधूनच गणराजला जीप हाणायला सांगत होती.

संघाच्या आवारात कुणाचाच पाय ठरत नव्हता. समुद्राकडून वारा सुटला होता, पोफळी हलत होत्या, वीज जात होती आणि येत होती, जनरेटर खोकत होता. सभासद घोळक्यानं उभे राहायचे, मृणाल दिसली की पांगायचे.

अध्यक्ष पुतळाबाई पायरीवरच भेटल्या. मोठ्या बागेच्या मालकीण, आणि आवाज बागेच्या या टोकाचा त्या टोकाला जाईल असा.

"तू गुप्तहेर व्हय? बरी हायस की दिसायला. हे बघ बाय, मला ह्या पोरीचं वाईट करायचं न्हाय. पन सभेपातुर खरा चोर दाव, न्हायतर मी हिलाच धरीन. मानसं माझ्या उरावर बसल्यात."

"आजचा लिलाव नेहमीसारखाच होऊ द्या," क्रांती म्हणाली. "तेवढंच मागते."

पहिला नंबर निकेतचा. बोलीची प्रणाली त्यानं बनवली होती. नवी मुंबईचा हा तरुण लॅपटॉपमधून मान वर न करता बोलायचा.

"मॅडम, सिस्टिम टाइट आहे. घंटा होईपर्यंत बोली लॉक असते. मृणाल मॅडमना पण दिसत नाही, मला पण नाही. पण इथे कोण ऐकतंय यार."

"तुम्ही राहता कुठे?"

निकेतनं आता मान वर केली. "प्रीतमशेठच्या होमस्टेमध्ये. गावात तेवढ्या एकाच ठिकाणी वायफाय चालते. त्यात काय?"

गणराजनं क्रांतीला कोपरानं ढोसलं. क्रांतीनं लक्ष दिलं नाही.

"बोली पाठवली की खरेदीदाराला मोबाइलवर काय दिसतं?"

"काही नाही. पान कोरं होतं. गुप्त बोली ना, आकडा स्क्रीनवर राहिला तर शेजारचा वाकून बघणार."

"पोचली असंही येत नाही?"

"पोचतेच की. सांगायचं काय त्यात?"

"आणि प्रीतमशेठ कधी हरलेत?"

निकेतनं बटणं दाबली. "प्राप्ती मॅडम म्हणून एक खरेदीदार आहेत, चांगल्या मालात फक्त त्यांच्याकडून. त्या बोलीत असल्या की याचा नेम चुकतो. एकदा त्यांच्यावर जिंकला, तेव्हा उगाच भरमसाट वर गेला होता. एरवी एक रुपया."

क्रांतीनं टेबलावरची एक सुपारी उचलली आणि ती मुठीत घोळवत बाहेर पडली.

अल्पेशभाई महाडचे, सीतारामशेठ माणगावचे. दोघंही जुने खरेदीदार आणि दोघंही वैतागलेले. आवारात येरझाऱ्या घालत होते.

"आम्ही ने भाव भरायचा, ने दुसऱ्यानं माल उचलायचा," अल्पेशभाई म्हणाले. "आ कसला धंदो? आज छेल्लो दिवस, पछी मी येणार नाय."

"भाव भरताना कुणी बघत असेल?"

"कोण बघणार? त्या कोपऱ्यात जातो, भाव भरतो, तात्याला रामराम करतो, पछी चा प्यायला. एवढाच रस्तो."

"मोबाइलवर विश्वास आहे तुमचा?"

अल्पेशभाईंनी सीतारामशेठकडे पाहिलं. सीतारामशेठ खाली बघत म्हणाले, "म्हणजे काय! ट्रेनिंग झालं ना आमचं. टाळ्यासुद्धा वाजवल्या."

"काही शंका विचारल्या होत्या?"

"एवढ्या पोराटोरांसमोर आता या वयात शंका काय विचारायच्या?"

क्रांती दाराकडे वळली. बाकावर अंबाजीतात्या बसले होते. स्वच्छ धोतर, खांद्यावर लाल चौकड्यांचा मोठा रुमाल, आणि हात म्हाताऱ्या माणसाचे असूनही फार देखणे. शेजारी पाण्याचा माठ होता. त्यांनी उठून क्रांतीला पाणी दिलं.

"पोरगी सोन्यासारकी हाय," ते म्हणाले. "ती चोरी करायची न्हाय. ह्या यंत्रातच कायतरी खोट हाय, ताई. यंत्र काडून टाका, पोरीला सोडा. एवडंच माजं मागनं."

एवढ्यात एक खरेदीदार आतून आला. कुठल्या तरी किरकोळ मालाची बोली त्यानं आधीच उरकली असावी. तात्यांनी रुमालानं हात पुसले. त्यानं ते रुमालासकट हातात घेतले, घटकाभर धरले, "रामराम" म्हणाला आणि चहाच्या टपरीकडे गेला. तात्यांनी रुमाल झटकून परत खांद्यावर टाकला.

"किती मान देतात तुम्हाला," क्रांती म्हणाली.

"जुनी मानसं हायत. हात लावल्याबिगर जात न्हाईत."

प्राप्ती बोर्लीची. घरात मुखवासाचा कारखाना चालवायची. सुपारीच्या ढिगापाशी उकिडवी बसून ती एकेक दाणा कानाशी हलवून बघत होती.

"मोबाइल बंद झाला तर मीही बंद," ती ताडकन म्हणाली. "पूर्वी इथं भाव कसा व्हायचा माहितीये? दलालाच्या रुमालाखाली हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. मी बाई. कुठं हात घालणार? माझ्यासाठी दिराला पाठवावं लागायचं, आणि तो आपल्या मनानं आकडा ठोकून यायचा. आता कशी, कोपऱ्यात उभं राहायचं, आकडा टाकायचा, सरळ निघून जायचं."

"तात्यांना रामराम?"

"लांबून."

शेवटी प्रीतम मापुस्कर. पांढरे बूट, हसरा चेहरा. तो अगदी निवांत होता, आणि त्या आवारात तेवढा एकच माणूस निवांत होता.

"अंदाज म्हणतात याला, मॅडम. बापजाद्यांचा धंदा आहे. समोरच्याचं तोंड बघून मला भाव कळतो."

"प्राप्तीताईंचं तोंड बघून कळत नाही?"

त्याचं हसू जरा आखडलं. "बाईमाणसाचं तोंड कसं बघत बसणार?"

"आणि बोली नेहमी शेवटी?"

"तो माझा नेम आहे. तात्यांच्या पाया पडल्याशिवाय, त्यांचा हात हातात घेतल्याशिवाय मी मोबाइल खिशातून काढतच नाही. शुभ असतं ते."

क्रांतीच्या मुठीतली सुपारी फिरायची थांबली.

टपरीवर गणराजनं वडापावचा घास घेत आपला निकाल जाहीर केला. "निकेत. चोराच्या घरात ऱ्हातंय, चोराची वायफाय वापरतंय. अजून काय पायजे? आपून त्याला दम देऊ."

"निकेतनं भाव फोडले असते, तर प्राप्तीचाही फोडला असता ना?"

"तिचा फोडायचा इसरला असंल."

"दर वेळी?"

गणराजनं चावणं थांबवलं. पण तोवर क्रांती उठली होती. तिनं सीतारामशेठना गाठलं, पोफळीच्या आडोशाला नेलं आणि हळू आवाजात काही विचारलं. सीतारामशेठ आधी रागावले, मग त्यांचा चेहरा उतरला, मग त्यांनी मान हलवली. त्यानंतर क्रांती पुतळाबाईंच्या कानाला लागली. पुतळाबाईंनी तिच्याकडे ती वेडी आहे की काय अशा नजरेनं पाहिलं, पण नाही म्हणाल्या नाहीत.

दुपार सरता सरेना. मृणाल पडद्यासमोरच्या खुर्च्या सरळ करत होती आणि सरळ केलेल्या पुन्हा सरळ करत होती. सभासद आत येऊन बसायला लागले, कुणी तिच्या बाजूच्या खुर्चीत बसलं नाही. आजचा मोठा ढीग एकच होता, निवडक रोठ्याचा. प्राप्तीनं या ढिगावर बोली लावू नये अशी क्रांतीनं तिला विनंती केली होती, आणि तिनं कुरकुरत का होईना, पण ती मानली होती.

एकेक जण कोपऱ्यात जाऊन आला. अल्पेशभाई, सीतारामशेठ, आणखी दोघं-तिघं. एकेकानं दारात रामराम केला. सगळ्यात शेवटी प्रीतम उठला, तात्यांच्या पाया पडला, हात हातात घेतला. मग त्यानं मोबाइल काढला, जरा थबकला, तात्यांकडे एकदा वळून पाहिलं आणि बोट दाबलं.

घंटा झाली. पडदा उजळला.

अल्पेशभाई, पाचशे. सीतारामशेठ, पाचशे दहा. बाकीचे त्याच्या खाली. आणि सगळ्यात वर प्रीतम मापुस्कर, सातशे एक.

क्षणभर कुणाला कळेचना. मग सभागृहात हशा पिकला. "शेठ, लग्नाचा आहेर केला काय?" मागून कुणीतरी ओरडलं. प्रीतम मात्र हसत नव्हता. तो पडद्याकडे बघत होता आणि त्याचा रंग उडाला होता.

क्रांती पुढे आली.

"आज प्रीतमशेठ कुणावर एक रुपयानं वरचढ झाले? पडद्यावर सातशे कुणाचेच नाहीत. मोबाइलमध्ये नाहीत, निकेतच्या लॅपटॉपमध्ये नाहीत, मृणालच्या पासवर्डमागे नाहीत. हा आकडा आज एकाच जागी होता. सीतारामशेठ, सांगा."

सीतारामशेठ उभे राहिले. त्यांना बोलताना लाज वाटत होती. "माझ्या बोटांत होता. मोबाइलवर मी पाचशे दहा टाकले. आणि... रुमालाखाली तात्यांना सातशे सांगितले. या ताईंनी सांगितलं तसं."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. अंबाजीतात्या बाकावरून उठले नव्हते.

"मी आले तेव्हा सगळे मोबाइलमध्ये चोर शोधत होते," क्रांती म्हणाली. ती बोलतानाही फेऱ्या घालत होती. "पण मोबाइलमधून भाव फुटत असते तर सगळ्यांचे फुटले असते. प्राप्तीताईंचा कधीच फुटला नाही. त्या असल्या की प्रीतमशेठ हरायचे, नाहीतर भरमसाट चढायचे, म्हणजे अंधारात दगड मारायचे. मग त्या एकट्या काय वेगळं करतात? मोबाइल तोच, कोपरा तोच. फक्त त्या दारात हात देत नाहीत. बाईनं रुमालाखाली हात घालायची इथं रीत नाही."

प्राप्तीनं तोंडावर हात ठेवला.

"दुसरी गोष्ट. अल्पेशभाई आधी भाव भरतात, मग रामराम करतात. सीतारामशेठही तसंच. प्रीतमशेठ आधी हात हातात घेतात, मगच मोबाइल काढतात. बाकीचे त्या रुमालाखाली आकडा देत होते. हे घेत होते. त्यांची बोली शेवटी का येते ते यावरून कळतं."

"पन हे समदे अजून बोटं कशाला दाबतात?" पुतळाबाई कडाडल्या. "मोबाइल दिलाय ना!"

जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला. शेवटी अल्पेशभाई पुटपुटले, "भाव पाठवला की पान कोरं. आत गेला का नाय गेला, खबर कोणाला? उद्या फोन बोलला, तुमचा भाव आलाच नाय, तर? एक साक्षीदार तो पाहिजे ने. तात्यानं उभ्या जन्मात कोणाचा भाव फोडला नाय. ट्रेनिंगमध्ये विचारायची शरम वाटली."

"मला वाटलं मीच एकटा घाबरट," सीतारामशेठ म्हणाले.

"प्रत्येकाला तेच वाटलं," क्रांती म्हणाली. ती मृणालकडे वळली. "तुमची चूकही इथेच आहे. तुम्ही यंत्र बरोबर आणलंत. पण जुन्या हातात भावाशिवाय आणखी काय होतं ते विचारलं नाहीत. त्या हातात पोच होती."

मृणालला ते लागलं. तिनं मान खाली घातली नाही, पण तिचे डोळे भरून आले.

प्रीतम दाराकडे सरकत होता. गणराज आधीच दारात उभा होता, आणि गणराज दारात उभा राहिला की दार उरत नाही.

"बोली ती बोली," पुतळाबाई म्हणाल्या. "सातशे एकानं माल उचलायचा, शेठ. आन मंग ह्या आवारात पाय ठेवायचा न्हाय. बाकीचं पोलीस बगतील."

मृणाल बाकासमोर जाऊन उभी राहिली. "तात्या, त्यानं तुम्हाला काय दिलं?"

"चा बी न्हाय," अंबाजीतात्या म्हणाले. "त्यो म्हनला, तात्या, आता तुमचा हात नुसता रामरामाला. ते मला लागलं. मला वाटलं, भाव फुटले की लोक म्हनतील यंत्र वाईट. यंत्र जाईल, परत मला बोलावतील." त्यांनी रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. "पन मानसं यंत्राला चोर म्हनत न्हाईत, पोरी. त्यांना मानूस लागतो. तुजं नाव निगालं तवा मी घाबारलो."

"माझ्या बाजूनं बोलत होतात."

"व्हय."

"आणि दर बुधवारी त्याला भाव देत होतात."

तात्यांनी रुमाल खांद्यावर टाकला.

ते उठले. दाराशी आले तेव्हा सवयीनं त्यांचा उजवा हात पुढे झाला. इतकी वर्षं या दारात त्यांचा हात रिकामा राहिला नव्हता. अल्पेशभाईंनी तोंड फिरवलं. सीतारामशेठ पडद्याकडे बघत राहिले. हात तसाच राहिला, आणि तो मागे घ्यायचं म्हाताऱ्याला सुचेना. क्रांतीलासुद्धा ते बघवेना.

मृणालनं तो हात धरला. सगळ्यांसमोर, रुमालाशिवाय.

"तात्या," ती म्हणाली, "उद्यापासून येऊ नका."

त्यांनी मान हलवली आणि पायऱ्या उतरून पोफळींच्या रस्त्यानं निघून गेले. रुमाल खांद्यावरच होता.

सभा झालीच नाही. निकेत लॅपटॉप उघडून बसला होता आणि अल्पेशभाई त्याच्या शेजारी वाकून, बोली पोचल्यावर मोबाइलवर काय दिसलं पाहिजे ते मोठमोठ्यानं सांगत होते. प्राप्ती तिसऱ्याच गोष्टीवरून दोघांशी भांडत होती.

मृणाल जीपपर्यंत सोडायला आली. गणराज चावी फिरवणार तोच त्याला राहवलं नाही. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाय, एक इचारू? तुमी हात धरला तवा त्या म्हाताऱ्यानं बोटं दाबली का? कंचा आकडा सांगितला?"

मृणालनं आपल्या तळहाताकडे पाहिलं.

"आकडा नाही सांगितला," ती म्हणाली. "नुसता धरून राहिले होते."